नऊ माणसं, दोन जाणकार आणि एक नदी: फ्लाय फिशिंगच्या कौटुंबिक सहलीचं नियोजन

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊजण चार दिवसांसाठी फ्लाय फिशिंगला निघालेत. प्रश्न विचारणारे स्वतः आणि त्यांचा एक मित्र हे दोघं काही वर्षं करताहेत, बाकी सगळे नवखे. सोबत ६८ वर्षांचे वडील आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. दोघांच्या बायका म्हणतात, ‘येऊ, पण दिवसभर पाण्यात उभ्या राहणार नाही.’ बहीण आहे, अतिउत्साही मेव्हणे आहेत आणि १० व १३ वर्षांची दोन मुलं आहेत. चार दिवसांत तीन नद्या करायचा बेत आहे. किती रॉड (म्हणजे गळाच्या काठ्या) घ्यावेत, गळाला लावायच्या कोणत्या कृत्रिम माश्या घ्याव्यात आणि प्रत्येकाला निदान एक तरी मासा कसा मिळेल, असं त्यांनी विचारलंय.

रॉड आणि माश्या हा यातला सोपा भाग, त्याकडे शेवटी येतो. खरी अडचण वेगळी आहे. फ्लाय फिशिंग हा मुळात एकट्याने करायचा उद्योग आहे आणि तुम्ही तो नऊजणांनी मिळून करायला निघाला आहात.

इतर पद्धतींत गळाला किंवा आमिषाला वजन असतं, ते वजन दोरीला ओढून नेतं. इथे उलट आहे. पिसं आणि दोरा गुंडाळलेल्या त्या कृत्रिम माशीला जवळपास वजनच नसतं. वजन असतं लाइनला, म्हणजे रॉडच्या जाड दोरीला. फेकायची ती लाइन आणि माशी नुसती तिच्यामागून जाते. म्हणून प्रत्येक फेकीत लाइन आधी पाठीमागे पूर्ण उलगडावी लागते, मग पुढे. म्हणजे माणसाच्या मागे आठ-दहा मीटर आणि पुढेही तेवढीच जागा मोकळी हवी. शिवाय माणूस एका जागी थांबत नाही, पावला-पावलाने वर किंवा खाली सरकत जातो. लहान ओढ्यावर शंभर मीटरच्या पट्ट्यात दोघं उतरले की तिसऱ्याला जागा उरत नाही. तेव्हा नऊजण ‘एकत्र’ मासेमारी करणार हे चित्र डोक्यातून काढून टाका. नदीवर पोचल्यावर अर्ध्या तासात गट फुटणारच. तो तुम्ही ठरवून फोडायचा की आपोआप फुटू द्यायचा, एवढंच तुमच्या हातात आहे.

आपोआप फुटला की काय होतं ते मी पाहिलंय. गट घेऊन जायला लागलो तेव्हाची गोष्ट. अकराजण होतो, चार दिवस आणि तीन नद्या, तुमच्यासारखाच बेत. पहिल्या सकाळी ज्यांना येत होतं ते तिघं ‘जरा वर बघून येतो’ म्हणून गेले ते दुपारी उगवले. त्या तिघांत मी होतो. मागे राहिलेल्यांपैकी एकाची लाइन झाडात, दुसऱ्याच्या लीडरचा, म्हणजे लाइनच्या टोकाच्या बारीक धाग्याचा, गुंता आणि एका काकांनी अख्खा दिवस गाडीत बसून काढला. संध्याकाळी कोणी काही बोललं नाही, पण तिसऱ्या दिवशी नदीवर आम्ही चौघंच होतो. आता मी गट नेतो तेव्हा मासे कुठे आहेत हे नंतर पाहतो. माणसं कुठे, कोणाबरोबर आणि किती वाजेपर्यंत असतील हे आधी लिहून काढतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. नदी केवढी आहे, वर धरण आहे का, तिथले परवान्याचे नियम काय आहेत, वाटाड्या मिळतो का, या सगळ्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तुम्ही माशाची जात लिहिलेली नाही. थंड पाण्यातला ट्राउट धरून चालतो, कारण नवख्यांना घेऊन जाणारे बहुतेक लोक तिथेच जातात.

पहिलं काम म्हणजे तीन नद्यांची एक नदी करा. नवख्याला नदी नाही, एक पट्टा कळतो आणि तोही दुसऱ्या दिवशी. कुठला दगड बुळबुळीत आहे, डोहाच्या कुठल्या कडेला मासे वर येतात, ऊन कुठून पडतं, हे पहिल्या दिवशी अंगावर येतं आणि दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतं. रोज नवी नदी म्हणजे रोज पहिला दिवस. त्यात नऊजणांचं सामान आवरणं, गाड्यांत कोंबणं आणि पुन्हा मांडणं यात अर्धा दिवस जातो, हे तर वेगळं सांगायलाच नको.

दुसरंही एक कारण आहे. ओले बूट आणि वेडर (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक विजार) एका नदीतून दुसरीत नेले की त्यांच्याबरोबर नको ते जीवही जातात. न्यूझीलंडमध्ये डिडिमो नावाचं शेवाळ २००४ मध्ये सापडलं. नदीच्या तळावर त्याची जाड चादर पसरते आणि एखाद्या ओल्या बुटात अडकलेला कणही त्याला नव्या नदीत पोचायला पुरतो. म्हणूनच तिथे २००८ मध्ये फेल्टचे, म्हणजे नमद्यासारखे, तळवे असलेल्या बुटांवर बंदी आली, कारण फेल्ट लवकर वाळत नाही. दुसरी नदी करायचीच असेल तर ती शेवटच्या दिवसासाठी ठेवा, ज्यांना हौस आहे तेवढेच जा आणि सामान धुऊन पूर्ण वाळवून न्या.

पट्टा निवडताना मी पाण्याआधी काठ पाहतो. गाडीपासून पाच मिनिटांच्या आत सपाट जागा, सावली, पाण्यात हळूहळू उतरत जाणारा गोट्यांचा उतार आणि जवळपास स्वच्छतागृहाची सोय. हा तुमचा तळ. तळ चांगला असेल तर मध्यम नदीवरची सहलही छान होते. तळ वाईट असेल तर उत्तम नदीवरही दुपारनंतर कुरबुर सुरू होते. बाकी वेळा कोणी कुठेही असो, ठरलेल्या दोन वेळांना सगळे तळावर: सकाळच्या फेरीनंतर आणि दुपारी पुन्हा निघण्याआधी. घड्याळाची वेळ ठरवा. ‘मासे थांबले की येतो’ ही वेळ नव्हे, कारण फ्लाय फिशिंग करणाऱ्याच्या मते मासे कधीच थांबत नाहीत.

उन्हाळ्यात ही दुपारची सुट्टी माशांनाही हवी असते. ट्राउटला ऑक्सिजन भरपूर लागतो आणि पाणी तापलं की त्यात तो कमी मावतो. १० अंश सेल्सियसला लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, २० अंशांना ९. तापलेल्या पाण्यात माशाची गरज वाढलेली असते आणि पुरवठा घटलेला. एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून बरोबर ठेवा. २० अंश दिसले की ट्राउटची मासेमारी बंद. मुलांना हे काम द्या, ती इमानेइतबारे करतात आणि मोठ्यांना पाण्याबाहेर काढण्यात त्यांना वेगळाच आनंद मिळतो.

आता माणसं. निघण्यापूर्वी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारा: ‘दिवसातून किती तास पाण्यात उतरायला आवडेल?’ सगळ्यांसमोर विचारलंत तर सगळे उत्साही असतात. एकेकट्याला विचारलंत की कळतं, नऊपैकी चार-पाचजणांना खरंच मासे धरायचेत, दोघांना एकदा करून बघायचंय आणि उरलेल्यांना नदीकाठी शांत बसायचंय. बसणं हेही सहलीला येण्याचं पूर्ण कारण आहे. त्यांना ‘चला ना, एकदा तरी’ म्हणून ओढू नका.

म्हणून नऊ रॉड नकोत, पाच पुरेत. दोघांत एक रॉड ही मला काटकसर वाटत नाही, शिकण्याची ती चांगली पद्धत आहे. एकजण पाण्यात, दुसरा काठावर जरा उंच जागी, ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावून. पाण्यातल्याला मासा दिसत नाही, काठावरच्याला दिसतो: ‘अजून हातभर डावीकडे, त्या दगडामागे.’ मासा लागला की श्रेय दोघांचं. ब्रिटनमधला गळाने धरलेला सर्वांत मोठा सॅमन, ६४ पौंडांचा म्हणजे सुमारे २९ किलोंचा, १९२२ मध्ये टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन यांनी धरला. तेव्हा होडी त्यांचे वडील वल्हवत होते. तो मासा माशीवर नव्हे, आमिषावर लागला होता, हे आमच्या पंथातले लोक लगेच सांगतील. पण दोन तासांहून जास्त चाललेल्या त्या झुंजीत वल्ही कोणीतरी सांभाळत होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

जोड्या लावताना एक जाणता आणि एक नवखा. मात्र नवऱ्याने बायकोला शिकवायचं नाही आणि बापाने स्वतःच्या मुलाला शिकवायचं नाही. हा नियम मी अनुभवातून केलाय, कारण विचारू नका. तुमच्या बायकोला तुमचा मित्र शिकवेल, मित्राच्या बायकोला तुम्ही. अर्ध्या दिवसाने जोड्या बदला. आणि मनाची तयारी आत्ताच करा: पहिल्या दिवशी तुम्ही दोघं स्वतःचा रॉड जोडणारच नाही. दुसऱ्या दिवसापासून एकाने सकाळ सांभाळायची, दुसऱ्याने आपल्या मनासारखी मासेमारी करायची, मग दुपारनंतर पाळी बदलायची. हे आधी ठरलं नाही तर तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघं एकमेकांवर चिडलेले असाल.

वाटाड्या घेणार असाल तर एकामागे दोन माणसं, फार तर तीन. त्यापुढे तो फक्त गुंते सोडवत बसतो. चारही दिवस परवडणार नसेल तर पहिला दिवस घ्या, शेवटचा नको. नवख्यांच्या सवयी पहिल्या दोन तासांत लागतात.

वडिलांसाठी दोन मार्ग आहेत. नदी मोठी असेल आणि त्यांना होडीत चढता-उतरता येत असेल तर वल्ह्यांची ड्रिफ्ट बोट: दोघं मासेमार, एक वल्हवणारा. गुडघ्यांना त्रास नाही आणि दिवसभरात कित्येक किलोमीटर नदी डोळ्यांखालून जाते. नाहीतर खळाळाच्या कडेला गोट्यांच्या पट्ट्यावर खुर्ची टाका आणि त्यांना प्रवाहाच्या दिशेने तिरकी, छोटी फेक शिकवा. मऊ पिसांची ओली माशी पाण्याखाली जाते, प्रवाह लाइन ताणून तिला कमानीत फिरवत काठाशी आणतो. लांब फेक लागत नाही, माशी तरंगते आहे का यावर डोळे लावून बसावं लागत नाही आणि लाइन ताणलेली असल्याने मासा बऱ्याचदा स्वतःच गळाला लागतो. गटातला पहिला मासा खुर्चीतल्या माणसाला मिळालेला मी एकदा नाही, तीनदा पाहिलाय.

दहा वर्षांच्या मुलाला नऊ फुटी रॉड आणि रीळ देऊ नका. तेनकारा ही जपानी पद्धत बघा: साडेतीन मीटरच्या आसपासचा हलका, एकात एक सरकवून लहान करता येणारा रॉड, रीळ नाही, टोकाला साधारण रॉडएवढीच लाइन बांधलेली. दहा मिनिटांत मूल माशी पाण्यावर ठेवायला शिकतं. पण सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त अपेक्षा नको. मग दगड उलटायला लावा. दगडाच्या खालच्या बाजूला मेफ्लाय या किड्याची पिल्लं आणि कॅडिस या किड्याच्या अळ्यांनी बांधलेल्या खड्या-काड्यांच्या नळ्या चिकटलेल्या असतात. त्या पाहिल्यावर डब्यातली कुठली माशी लावायची हे मूलच सांगतं आणि अनेकदा बरोबर सांगतं.

सुरक्षिततेवर जरा थांबतो, कारण गट मोठा असला की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी लक्ष ठेवतोय.

टोपी आणि चष्मा सगळ्यांना, नुसतं बघायला आलेल्यांनाही. पाठीमागे जाणारी माशी फेकणाऱ्याला दिसत नाही. कोणाच्याही मागून जायचं असेल तर आधी हाक मारायची, त्याने ‘ये’ म्हटल्यावरच जायचं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. माशासाठी हे चांगलं आहेच, पण नऊजणांच्या गटात तो गळ आधी कोणाच्या तरी कानात जाण्याची शक्यता जास्त. सपाट केलेला गळ आल्या वाटेने परत निघतो. डोळ्याजवळ गेलेला गळ मात्र कधीच स्वतः काढू नये. त्याला हात न लावता, हलणार नाही असा झाकून थेट डॉक्टरकडे.

पाण्यात नवख्यांची मर्यादा गुडघा. जाणत्यांची मांडी. हा अकारण भित्रेपणा नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून काल जिथे सहज उभे होतात तिथे आज पाय सुटतात. वेडरवर कमरेचा पट्टा घट्ट हवाच. वेडरमध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो, हा समज चुकीचा आहे, कारण पाण्यात पाण्याचं ओझं होत नाही. ओझं होतं ते काठावर चढताना, शिवाय थंड पाणी आत शिरलं की अंग गारठतं. पडलात तर वेगवान पाण्यात लगेच उभं राहायची धडपड करू नका, पाय दगडांत अडकला तर प्रवाह माणसाला खाली दाबतो. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवा आणि तिरके काठाकडे सरका.

पलीकडे जायचंच असेल तर गटाचा इथे उपयोग होतो. तीन-चारजणांनी दंडात दंड अडकवायचे, सर्वांत दणकट माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला, रांग प्रवाहाला समांतर आणि सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं. वरचा माणूस पाणी फोडतो, खालचे त्याच्या आडोशाला चालतात. तुमच्या मेव्हण्यांचा उत्साह वापरायची हीच जागा.

वर धरण असेल तर पाणी सोडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. निरभ्र आकाशाखालीही अशा नदीची पातळी पटकन चढते. भोंगा वाजला किंवा काठावरचा कोरडा दगड ओला दिसायला लागला की हातातलं सोडून बाहेर या. मेघगर्जना ऐकू आली की रॉड खाली ठेवायचे, कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचं नाही.

आता तुमची ‘प्रत्येकाला एक मासा’ ही इच्छा. याचं वचन कोणालाही देऊ नका, मी कधीच देत नाही. शक्यता वाढवायची असेल तर नवख्यांना तरंगत्या माशीऐवजी पाण्याखालची निम्फ (किड्याच्या पिल्लासारखी दिसणारी माशी) आणि वर छोटा दर्शक, म्हणजे मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता ठिपका, लावून द्या. ट्राउट आपलं बहुतेक खाणं पाण्याखालीच उरकतो. तरंगती माशी संध्याकाळसाठी ठेवा, मासे वर उमटताना दिसायला लागल्यावर.

मासा लागलाच तर मोठ्या गटाचा खरा धोका म्हणजे फोटो. फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी १९९२ मध्ये दमवलेल्या रेनबो ट्राउटवर प्रयोग केला होता. अजिबात हवेत न काढलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंदवाल्यांपैकी ७२ टक्के. प्रयोगशाळेत मासे पार थकवलेले होते, नदीवर परिस्थिती इतकी टोकाची नसते. पण ‘थांबा, काकांनाही बोलवा’ यात एक मिनिट कसं जातं ते तुम्हाला माहीत आहे. मासा जाळीतच, पाण्यात राहू द्या. हात ओले करा. फोटो काढणारा तयार झाला की मगच उचला, पाण्याचे थेंब गळताहेत तोवर परत ठेवा. सगळ्यांचा एकत्र फोटो तळावर काढा, माशाशिवाय.

सामानाचं लवकर उरकतो. मोठ्यांसाठी ९ फुटी, ५ नंबरचे रॉड. हा नंबर लाइनच्या वजनाचा असतो. ५ नंबर म्हणजे लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, साधारण ९ ग्रॅम. सगळे रॉड एकाच नंबरचे घेतलेत की रीळ आणि लाइन कुणाचीही कुणाला चालते. टिपेट, म्हणजे माशी बांधायचा शेवटचा बारीक धागा, ४एक्स आणि ५एक्स या दोन जाडींचाच ठेवा. माश्यांचे सहा-सात प्रकार पुरेत, पण प्रत्येक प्रकाराच्या डझनभर घ्या, नवख्यांच्या निम्म्या झाडांवर जातात. निघण्याआधी दोन संध्याकाळी मैदानावर, माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सगळ्यांकडून फेक करून घ्या. गवतावरचा एक तास नदीवरचे तीन तास वाचवतो.

सर्वांत मोठ्या माशाला बक्षीस ठेवू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नका ठेवू. बक्षीस लागलं की मेव्हणे मांडीच्या वर पाण्यात जातील, मुलं रडतील आणि दहाव्या सेकंदाला पाण्यात जायचा मासा मोजपट्टीवर तडफडेल. पैज लावायचीच असेल तर दगडाखाली जास्तीत जास्त प्रकारचे किडे कोण शोधतं यावर लावा. ती मुलं जिंकतात.

शेवटच्या दिवशी सकाळची एकच फेरी ठेवा आणि दुपार सामान वाळवायला मोकळी सोडा. रॉड सुटे करून नळ्यांत भरेपर्यंत गाडीची दारं कोणी लावायची नाहीत. माझ्या गटांत माशाने मोडलेला रॉड अजून एकही नाही. गाडीच्या दाराने मोडलेले चार आहेत.